सकाळी लावायचं, दुपारी पारखायचं

मीनू, इंजिन खोलायला देऊ नकोस. निदान इतक्यात तरी नको. काल फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, चढ लागला की गाडी नुसती खडखडून राहिली," आणि उन्हात बंद केली की पुन्हा सुरू करताना स्टार्टर अडतो, आणि मिस्त्री म्हणतो पिस्टन गेले. जातातही पिस्टन, नाही म्हणत नाही मी. मार्क थ्री अ‍ॅम्बेसेडर आहे ती, वय झालंय तिचं. पण तू सांगितलेली दोन्ही लक्षणं आधी टायमिंगची आहेत, पिस्टनची नंतर. टायमिंग तपासायला एक बल्ब, एक फिलर गेज, दोन पाने, एक पेचकस आणि एक मोकळी सकाळ लागते. हजारो रुपयांचं काम काढण्याआधी एवढं करून बघायला काय हरकत आहे? आणि ते तुला येणार नाही असं तर अजिबात नाही.

काय लावायचं आहे ते आधी नीट समजून घे, म्हणजे हात आपोआप बरोबर चालतील. प्लगला ठिणगी कधी पडायची, एवढाच सगळा प्रश्न आहे. पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पण मिश्रण एका क्षणात सगळं पेटत नाही. जाळ प्लगपासून पसरत जातो, त्याला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात. ऐकायला हे काहीच नाही, पण हिशेब करून बघ. इंजिन ३००० आरपीएमवर असलं की क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे एका हजारांश सेकंदात १८ अंश फिरतो. जाळ पसरेपर्यंत पिस्टन कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून तो टोकाला पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, म्हणजे सगळ्यात मोठा दाब तो टोक ओलांडून साधारण १५ अंश पुढे गेल्यावर येतो. झोपाळ्याला धक्का देतो तसं आहे हे: झोपाळा मागच्या टोकाला जाऊन परतू लागला की हात लावायचा, येताना मध्येच लावला तर झोका मोडतो आणि आपलाच हात दुखावतो.

ठिणगी फार लवकर पडली, म्हणजे अ‍ॅडव्हान्स जास्त झाला, की दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच अडवतो. कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपलं आपणच भडकतं. तो खडखडाट म्हणजे हेच, त्याला नॉकिंग म्हणतात. तुझा स्टार्टर उन्हात अडतो तोही बहुधा याचमुळे, वर येणाऱ्या पिस्टनला उलटा फटका बसतो म्हणून. उलट ठिणगी उशिरा पडली तर गाडी मरगळते, पिकअप जातो, पेट्रोल जास्त पिते आणि अर्धवट जळता वायू एक्झॉस्टमध्ये जाऊन मॅनिफोल्ड-सायलेन्सर तापवतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव: लवकर असो की उशीर, दोन्हीत इंजिन तापतं. नुसता तापमानाचा काटा बघून टायमिंग पुढे गेलंय की मागे, ते कळत नाही. ते मोजावंच लागतं.

आणि आपल्या नागपुरात ते मोजणं आणखी का महत्त्वाचं, ते ऐक. तुला आठवतं ना, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये, रवी भवन-नाग भवनच्या बाजूला पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या रांगा लागायच्या? १९५३ च्या नागपूर करारामुळे दर वर्षी एक अधिवेशन आपल्याकडे होतं, आणि तेव्हा सरकारी गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडरच. मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, १९५७ पासून कोलकात्याजवळ उत्तरपाडा इथे बनू लागली ती २०१४ पर्यंत. ड्रायव्हर लोक थंडीच्या कोवळ्या उन्हात बॉनेट उघडून गाड्या लावत बसायचे. बाबांना हे काम अशाच एका सरकारी ड्रायव्हरने शिकवलं. त्याचं एक वाक्य बाबा कायम सांगायचे: डिसेंबरात लावलेलं टायमिंग मे महिन्यात उघडं पडतं. थंड हवेत इंजिन दोन-तीन अंशांची आगळीक निमूट सोसतं, वर पिकअपही छान वाटतो. तेच ४५ अंशांच्या दुपारी इंजिनात तापलेली हवा शिरते, पाणी तापलेलं असतं, आणि ते दोन-तीन अंश अंगावर येतात. तुझ्या गाडीचं शेवटचं काम दिवाळीनंतर झालं होतं, असं तूच म्हणालीस. मग मला वेगळं सांगायला नको. म्हणून आपल्या गावातला नियम असा: टायमिंग सकाळी लावायचं आणि दुपारी पारखायचं.

आता कामाला लाग. सकाळी सहाला, इंजिन थंड असताना. ओढणी काढून ठेव, वेणी वर बांध, बांगड्या आणि गळ्यातलं काढून घरात ठेव. बॅटरीवर वाकताना धातूचं काहीही अंगावर नको, दोन टोकांना टेकलं तर भाजतं. हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रलला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लाव.

पहिलं काम टायमिंगचं नाही, पॉइंटचं. यात घाई करतात तिथेच सगळं बिघडतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ, रोटर उचल, आत पॉइंट दिसतील. ते उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते, म्हणून त्यांच्यातलं अंतर बदललं की टायमिंगही बदलतं. अंतर वाढलं तर ठिणगी लवकर, कमी झालं तर उशिरा. तुझं इंजिन १४८९ सीसीचं बी सीरिज आहे, त्यावर ल्यूकासच्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर असतो. त्याला अंतर हवं ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेखाली येईपर्यंत इंजिन फिरव, पॉइंट पूर्ण उघडले की फिलर गेज सरकवून बघ. पातं हलकं घासून जायला हवं, रुतायला नको. आधी पॉइंटची तोंडं निरखून घे. एका बाजूला उंचवटा आणि दुसरीकडे खड्डा पडला असेल तर पातं उंचवट्यावर टेकतं आणि खरं अंतर कळतच नाही. असे पॉइंट बदलूनच टाक, फार महाग नाहीत. नव्या पॉइंटवर तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या चिंधीने पुसून कोरडा कर. कॅमला ग्रीसचं अगदी बोट लावल्याइतकं लावायचं, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

मग एक नंबरचा सिलिंडर गाठायचा. तो रेडिएटरच्या बाजूचा पहिला. चारही प्लग काढून ठेव, म्हणजे हँडलने इंजिन हलकं फिरतं. प्लगच्या तारा कोणत्या कुठे होत्या ते आधीच कागदावर लिही. जळण्याचा क्रम १-३-४-२ आहे. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव आणि कोणाला तरी हँडल सावकाश फिरवायला सांग. हवा अंगठा ढकलायला लागली की समज, पिस्टन दाबायला वर येतोय. आता क्रँकच्या पुलीवरची खाच आणि टायमिंग कव्हरवरचे टोकदार काटे बघ. काही इंजिनांत ते खालच्या अंगाला असतात, टॉर्च घेऊन वाकावं लागतं. वर्षानुवर्षांचं तेल-माती बसलेलं असेल, ते ब्रशने घासून काढ आणि खाचेत खडूची पांढरी रेघ भर. हे आत्ता केलंस तर दुपारी दुवा देशील.

किती अंश, ते मात्र माझ्या नाही तर पुस्तकाच्या शब्दावर. ही इंजिनं कमी आणि जास्त अशा दोन तऱ्हेच्या कॉम्प्रेशनची होती आणि आकडा त्याप्रमाणे बदलतो. बाबांचं मॅन्युअल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, त्यातलं आपल्या इंजिनाचं पान काढ. समज, आकडा ५ अंश आहे आणि तेवढ्या खुणेचा काटा तुटलाय. तरी अडत नाही. पुलीभोवती दोरा गुंडाळून मोज, ३६० ने भाग, ५ ने गुण. घेर ४०० मिलिमीटर निघाला तर ५ अंश म्हणजे साडेपाच मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर रंगाची बारीक खूण कर.

खाच खुणेवर आणताना इंजिन नेहमी ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवत आण. समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं. खूण ओलांडली तर नुसतं मागे ओढू नकोस. पाव फेरा मागे जा आणि परत पुढे येत थांब. टायमिंगच्या चेनमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरच्या दातांमध्ये थोडा ढिलेपणा असतो, तो याच पद्धतीने एका बाजूला राहतो. रोटर जागेवर ठेवून बघ, त्याचं टोक झाकणातल्या एक नंबरच्या तारेकडे हवं. चार नंबरकडे असेल तर क्रँकचा अजून एक पूर्ण फेरा.

आता बल्ब. १२ व्होल्टचा साधा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घे, दोन तारा जोड. एक तार कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बारीक तारेच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या साफ धातूला. इग्निशन ऑन कर. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडे असतील तर पेटलेला. आपल्याला हवाय तो विझल्यावरचा पेटण्याचा पहिला क्षण. डिस्ट्रिब्युटरच्या मानेवरचा क्लँपचा बोल्ट थोडा ढिला कर, बॉडी हाताने जेमतेम फिरेल इतकाच. या इंजिनात रोटर वरून बघितल्यावर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरव, बल्ब विझेल. मग केसाएवढी केसाएवढी घड्याळाच्या दिशेने आण. बल्ब लागला त्या जागी थांब, बोल्ट आवळ. कोणत्याही गाडीला लागू पडणारी खूणगाठ अशी, की रोटरच्या उलट दिशेला बॉडी फिरवली तर ठिणगी लवकर, त्याच दिशेला फिरवली तर उशिरा.

बोल्ट आवळताना बॉडी हलते, म्हणून लगेच खुश होऊ नकोस. हँडलने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दे आणि खाच खुणेला भिडते तेव्हाच बल्ब पेटतो का ते बघ. थोडा पुढे-मागे असेल तर जुन्या ल्यूकास डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक लहानसं खरबरीत कडेचं चाक असतं, त्यावर ए (अ‍ॅडव्हान्स, म्हणजे लवकर) आणि आर (रिटार्ड, म्हणजे उशिरा) अशी खूण असते. बोल्ट न सोडता त्यानेच बारीक फरक करता येतो. फिरवलं की ते टिकटिक करतं, साधारण ११ टिकटिकी म्हणजे १ अंश. मला तर हे चाक म्हणजे त्या काळच्या कारागिरांनी आपल्यावर केलेली मेहेरबानी वाटते. झालं की इग्निशन लगेच बंद कर, पॉइंट मिटलेले असताना चालू राहिलं तर कॉइल तापते.

प्लग बसव, तारा १-३-४-२ ने लाव आणि गाडी सुरू कर. किल्लीनेच. हँडल मारायचीच वेळ आली तर अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांडीला विळखा घालायचा नाही. टायमिंग पुढे असलं तर हँडल उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. यात हयगय नको.

बल्बने लावलेलं टायमिंग गाडी चालण्याइतकं बरोबर असतं. खात्री मात्र टायमिंग लाइटने होते. ती कुठल्याही बऱ्या गॅरेजवाल्याकडे मागितली तर मिळेल. तिचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या तारेला, दोन तारा बॅटरीला. त्याआधी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला गेलीय ते बघून घे, काही जुन्या गाड्यांत प्लस अर्थिंग असतं. व्हॅक्युमची बारीक नळी डिस्ट्रिब्युटरपासून काढून तिचं तोंड बंद कर, गाडी हळू आयडलवर ठेव. लाइट पुलीवर मारली की खाच जागच्या जागी थांबलेली दिसते. आणि मीनू, इथे जीव मुठीत धरून काम करायचं, कारण त्या लाइटमध्ये पंखासुद्धा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो. हात, तार, चिंधी, काहीही पुढे न्यायचं नाही.

मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवायला सांग. खाच अ‍ॅडव्हान्सच्या बाजूला सलग सरकत जायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि स्प्रिंगा असतात, वेग वाढला की ती वजनंच ठिणगी पुढे ओढतात. खाच हललीच नाही तर वजनं गंजून अडकलीत, एकदम उडी मारली तर स्प्रिंग तुटली किंवा ढिली पडलीय. खाच एका जागी न राहता थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं बुश किंवा टायमिंग चेन झिजलीय. या तीन गोष्टी कानाला कळत नाहीत. म्हणून कोणी नुसतं इंजिनाचा आवाज ऐकून डिस्ट्रिब्युटर फिरवायला लागला की त्याला प्रेमाने थांबव. जुन्या मिस्त्रीचा कान मोठा असतो, मी मानते. पण कान मोजमापानंतर, आधी नाही.

आता दुपार. जेवून, पन्हं पिऊन, तोंडाला फडका बांधून निघ. नागपूरचे लोक सांगतात तसा खिशात कांदा ठेव, मला बरं वाटेल. मे महिन्याच्या दुपारी रस्ते ओस असतात, तेवढीच या कामाची सोय. गाडी वर्धा रोडला नीट तापवून आण आणि मग सेमिनरी हिल्सच्या चढाला लाव. वरचा गिअर, वेग तीस-चाळीस, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब. पहिल्या क्षणी पुसटसा खडखड आवाज येऊन विरला तर टायमिंग बरोबर बसलं. आवाज चालूच राहिला तर पाय उचल, गाडी सावलीत घे आणि ते छोटं चाक आरच्या बाजूला एका अंशाएवढं फिरव. परत तोच चढ, तोच गिअर. एका वेळी एकच अंश आणि एका वेळी एकच बदल; टायमिंगसोबत कार्बोरेटरलाही हात घातलास तर कशाने फरक पडला ते कळायचं नाही. आवाज मुळीच नाही पण गाडी चढाला दमते, असं असेल तर एक अंश ए कडे. पुस्तकाच्या आकड्यापासून दोन-तीन अंशांहून जास्त लांब जावं लागलं तर समज, दोष टायमिंगचा नाही.

आणि हो, पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी होता. शिशाचं पेट्रोल देशभरात बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून, आता तर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. आजचं पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही, हा आपला फायदाच. म्हणून जास्त अ‍ॅडव्हान्स ठेवून पिकअप काढायचा मोह होईल. तो आवर. जे सकाळी छान वाटतं ते दुपारी पिस्टन खातं. इथेनॉलने जुने रबरी पाइप मात्र नरम पडतात, तेवढे बदलून घे.

कधी कधी टायमिंगवर उगाच आळ येतो. उन्हात गाडी चालता चालता बंद पडली, स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ झालीय. पंपावर ओलं फडकं टाक, काम होतं. कंडेन्सर किंवा कॉइल गरम होऊन रुसली तरी असंच होतं. आणि टायमिंग बरोबर असूनही खडखड थांबत नसेल तर आत कार्बन बसलेला असू शकतो. हे सगळं बघून झाल्यावर कॉम्प्रेशन मोजून घ्यायला सांग. त्यात एखादा सिलिंडर खरंच खाली निघाला, तर मग मिस्त्रीला म्हण, खोल इंजिन. तेव्हा तूही पैसे देताना कचरणार नाहीस.

एक वही कर, गाडीतच ठेव. तारीख, पॉइंटचं अंतर, टायमिंगचे अंश, दुपारी चढावर काय झालं, चार ओळी पुरेत. पुढच्या वेळी कोणी पेचकस घेऊन आला की त्याच्यापुढे ती वही धर आणि सांग, इथून पुढे चल. पॉइंटची टाच झिजते तसं अंतर कमी होत जातं आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून वर्षातून दोनदा बघायचं: होळी झाली की एकदा आणि पावसाळा संपला की एकदा. होळीनंतरचं चुकवू नकोस, आपला खरा उन्हाळा त्याच्या पुढेच असतो. रविवारी सकाळी सहाला सुरू कर. बल्ब लागत नसेल, खाच सापडत नसेल, तर तशीच बॉनेट उघडी ठेवून फोन कर, मी उचलेन.